दीड मिलिमीटरची फट : स्केचअपमध्ये घर कुठे बिघडतं



आजचा भाग स्केचअपवर आहे, पण ऐकताना लॅपटॉप समोर नसला तरी चालेल. बसमध्ये असाल तर बसमध्येच ऐका. आकडे लक्षात राहिले नाहीत तर हा मजकूर आहेच, नंतर फोनवर उघडून बघा.

मी घरांची ड्रॉइंग करते. बंगले, रो-हाउस, गावाकडची कौलारू घरं. मोठे टॉवर नाहीत. शिकणारी मुलं माझ्याकडे फाइल घेऊन येतात, तेव्हा तक्रारी ठरलेल्या असतात. "मॅडम, फेसच तयार होत नाही." "खिडकी बाहेरून उघडी, आतून भिंत बंद." "भिंत हलवली की फरशी पण ओढली जाते." "छपरावर मधेच तिरकी रेघ येते." "झूम केलं की अर्धं घर गायब." वाटतात वेगवेगळ्या, पण यातल्या बहुतेकांचं मूळ पहिल्या अर्ध्या तासात असतं, म्हणजे ऑटोकॅडचा प्लॅन आत आणला ना, तेव्हा.

एक गोष्ट आधी समजून घ्या. स्केचअपला भिंत म्हणजे काय ते माहीत नाही. ते २००० साली आलं, २००६ मध्ये गूगलकडे गेलं, २०१२ पासून ट्रिंबलकडे आहे. झटपट आकार उभे करून बघता यावेत म्हणून ते बनवलं होतं. त्याला कळतात दोनच गोष्टी : एज आणि फेस. एकाच पातळीतल्या रेघांनी आकार पूर्ण बंद झाला की फेस मिळतो. जरा उघडा राहिला की नाही मिळत. 'जवळजवळ बंद' असं काही त्याच्याकडे नसतं.

आता आपली नऊ इंची भिंत घ्या. साइटवर सगळे नऊ इंची म्हणतात. नऊ इंच म्हणजे २२८.६ मिलिमीटर. आणि ड्रॉइंगमध्ये आपण काय लिहितो? २३०. साडेचार इंची भिंत ११४.३ ची, आपण लिहितो ११५. जुना प्लॅन कोणीतरी फूट-इंचात काढलेला असतो, त्यात नवीन खोली दुसऱ्याने मिलिमीटरमध्ये जोडलेली असते. दोन भिंती जिथे भेटायला पाहिजेत तिथे १.४ मिलिमीटर फट राहते. गवंड्याला या फटीचं काहीच नाही, त्याचा प्लास्टरचा थर त्याच्या कितीतरी पट जाड असतो. पण स्केचअपसाठी तो आकार उघडा. तुम्ही रेघेवर रेघ मारत बसता, आणि फेस काही येत नाही.

ही फट डोळ्याला दिसत नाही, मग पकडायची कशी? दोन युक्त्या सांगते. पहिली, डायमेन्शन टाका आणि आकड्याच्या आधी लाटेसारखी ~ ही खूण आहे का बघा. ~२२९ दिसलं, तर स्केचअप सांगतंय की हा आकडा मी गोल करून दाखवतोय, खरा वेगळा आहे. बरेच जण ती खूण म्हणजे सजावट समजतात! दुसरी युक्ती मला जास्त आवडते. स्टाइल्समध्ये एडिट, तिथे एजची सेटिंग, आणि कलर 'बाय अॅक्सिस' करा. लाल अक्षाला समांतर रेघा लाल, हिरव्याला समांतर हिरव्या, उभ्या निळ्या. जी रेघ केसभर जरी तिरकी आहे ती काळी राहते. चौकोनी घरात काळी भिंत दिसली की समजायचं, चोर सापडला. घरच प्लॉटवर तिरकं असेल तर आधी फिरवून अक्षाला लावून घ्या, मॉडेल झालं की परत फिरवा.

आणि माझं स्पष्ट मत सांगू का? आयात केलेल्या रेघांना फेस लावत बसू नका. प्लॅन आत आणा, ग्रुप करा, लॉक करा, आणि त्याच्यावर स्वतःच्या रेघा मापं टाइप करून मारा. २३० म्हणजे २३०. माउसने अंदाजे नाही. तासाभराचं काम आहे. फाटक्या रेघा शिवायला घेतल्या तर अख्खी संध्याकाळ जाते आणि तरी एक कोपरा उरतोच.

आयात करताना दोन गोष्टी तपासा. एक, एकक. प्लॅन इंचात असेल आणि तुम्ही मिलिमीटर निवडलं, तर घर २५.४ पट लहान येतं. म्हणून आत आल्याबरोबर मुख्य दरवाजा मोजा. तीन-साडेतीन फुटांच्या जागी दीड इंच आला तर तिथेच थांबा. ब्राउझरमधल्या फुकट आवृत्तीत डीडब्ल्यूजी फाइल घेताच येत नाही, तिथे प्लॅनचा फोटो टाकून काम करावं लागतं. मग टेप मेजर घ्या, माहीत असलेल्या भिंतीची दोन टोकं क्लिक करा, खरं माप टाइप करून एंटर. मॉडेलचा आकार बदलू का असं विचारेल, हो म्हणा.

दोन, जागा. मोजणीच्या ड्रॉइंगमध्ये कधीकधी जमिनीचे खरे यूटीएम आकडे असतात. पुण्याच्या आसपास उत्तरेकडचा आकडा वीस लाख मीटरच्या वर जातो, कारण तो विषुववृत्तापासून मोजलेला असतो. म्हणजे तुमचा बंगला स्केचअपच्या शून्यापासून दोन हजार किलोमीटरवर जाऊन बसतो. इतक्या लांब गेल्यावर त्याची अचूकता ढासळते. रेघा थरथरतात, झूम केलं की भिंती कापल्या जातात. मुलं ग्राफिक कार्डाला शिव्या घालतात. कार्डाचा काही दोष नसतो. ऑटोकॅडमध्येच घराचा एक कोपरा शून्य-शून्यवर आणून ठेवा, आणि लांब कुठे विसरलेली रेघ किंवा अक्षर असेल तर पुसून टाका.

आता खिडकी. खिडकीचा कंपोनंट भिंतीवर बसवला की तो भोक पाडतो हे खरं, पण ज्या फेसवर चिकटला तेवढाच फेस कापतो. आपल्या भिंतीला बाहेरचा फेस वेगळा, आतला वेगळा. म्हणून बाहेरून छान खिडकी आणि आतून कोरी भिंत. उपाय जुनाच : भिंतीच्या ग्रुपमध्ये जाऊन चौकोन काढा आणि पुश-पुलने मागच्या फेसपर्यंत ढकला. आरपार भोक पडलं पाहिजे. नाही पडलं, नुसताच कोनाडा झाला, तर भिंतीचे दोन फेस समांतर नाहीत. बघा, तीच दीड मिलिमीटरची फट इथे परत भेटली.

रेव्हिटवाल्यांनो, हसू नका. तुमच्याकडे भिंतीला भिंत म्हणतात, खिडकी आरपार कापते, सगळं मान्य. पण तुमच्या प्लॅनमधून बाथरूमचा व्हेंटिलेटर गायब होतो त्याचं काय? मेट्रिक टेम्प्लेटमध्ये प्लॅन फरशीपासून १२०० मिलिमीटरवर कापलेला असतो. आपला व्हेंटिलेटर १८०० च्या वर. कापणारी पातळी त्याच्या खालून जाते, म्हणून प्लॅनमध्ये सलग भिंत दिसते. थ्रीडीमध्ये तो असतो, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. साइटवर मात्र प्लॅनचं प्रिंट जातं. तेवढ्या भागापुरती प्लॅन रीजन काढून कापायची पातळी वर न्या. नाहीतर बाथरूमची भिंत बंद बांधून होते, आणि मग ब्रेकर लावून ती फोडायचा खर्च कोणाच्या माथी, यावर घरमालक आणि कंत्राटदार भांडत बसतात.

भिंत हलवली की फरशी ओढली जाते, हे ऑटोकॅडमधून आलेल्यांचं हमखास दुखणं. त्यांना वाटतं, लेयर वेगळा केला म्हणजे वस्तू वेगळी झाली. स्केचअपमध्ये तसं नाही. २०२० च्या आवृत्तीत लेयरचं नाव बदलून टॅग केलं गेलं, आणि माझ्या मते फार बरं झालं. टॅगने वस्तू फक्त दिसते किंवा लपते. वेगळी होते ती ग्रुप किंवा कंपोनंट केल्यावर. काढलं की लगेच ग्रुप. टॅग फक्त ग्रुपला. सुट्या रेघा नेहमी अनटॅग्डवर.

फरशी लुकलुकते ती एकाच पातळीवर दोन फेस आल्यामुळे. टाइलला खरी जाडी द्या, लुकलुकणं थांबेल. भिंती निळसर-करड्या दिसत असतील तर फेस उलटे आहेत, रिव्हर्स करा. चला पुढे.

छप्पर. कोकणातलं चारी बाजूंनी उतरतं कौलारू छप्पर धरा. लांब बाजूच्या उताराला चार कोपरे : दोन वळचणीला, दोन आढ्याला. तीन बिंदू कसेही ठेवा, ते एका पातळीत असतातच. चौथा मात्र असेलच असं नाही. तो जरा हलला की फेस येत नाही, आणि मग सगळे तेच करतात : कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकी रेघ मारतात. दोन त्रिकोण होतात, फेस येतो. रेघ वाईट दिसते म्हणून ती लपवतात. रेंडर सुंदर!

पण ते छप्पर पिळलेलं आहे. वळचण आणि आढं समांतर नाहीत, म्हणजे मॉडेलमधून वाशांची लांबी काढली तर प्रत्येक वाशाची वेगळी येणार. सुतार ते पान बाजूला ठेवून स्वतःच्या पद्धतीने दोरी लावतो, आणि तुमच्या यादीप्रमाणे आणलेलं लाकूड कुठे कमी पडतं, कुठे उरतं. म्हणून छपराची सुरुवात भिंतींच्या डोक्यावरून करू नका. वळचणीचा आयत नव्याने, मापं टाइप करून काढा. समजा तो १०.२ मीटर बाय ७.२ मीटर आहे आणि चारी उतार सारखे. मग आढ्याची लांबी म्हणजे लांबी वजा रुंदी, तीन मीटर. आढं दोन्ही टोकांकडून ३.६ मीटर आत सुरू होतं. उतार ३० अंशांचा असेल तर वळचणीपासून आढ्याची उंची ३.६ गुणिले ०.५७७, म्हणजे साधारण २.०८ मीटर. एवढ्यावर चारही फेस आपोआप येतात. तिरकी रेघ लागली, तर ती लपवू नका, कोणता बिंदू हललाय तो शोधा.

आता जिना. इथे स्केचअप काहीच चूक दाखवत नाही. सगळे फेस येतात, सगळं बंद, काळी रेघ नाही, आणि तरी जिना चुकीचा असू शकतो.

स्लॅब ते स्लॅब ३००० मिलिमीटर, २० पायऱ्या, प्रत्येक १५० ची. मधली लँडिंग १५०० वर. तिची जाडी १५० धरली तर खाली उरतात १३५०. आणि त्या लँडिंगखाली मुलं टॉयलेट टाकतात, त्याला २१०० चं दार लावतात! दार लँडिंगमध्ये घुसलेलं असतं, पण स्केचअप भांडत नाही. वरून कॅमेरा फिरवला तर कळत पण नाही. जिन्याखालून जायच्या वाटेला डोक्यावर किमान २.२ मीटर मोकळी जागा हवी, असं राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ सांगते. म्हणून जिन्यातून सेक्शन प्लेन घ्या, आणि पायरीच्या नाकापासून वरच्या बीमच्या तळापर्यंत सरळ उभं माप घ्या. प्रत्येक बीमखाली.

दुसरं, फरशीची जाडी. मॉडेलमध्ये सगळ्या पायऱ्या १५० च्या, पण त्या कच्च्या स्लॅबपासून मोजलेल्या. मग खोल्यांमध्ये टाइल आणि तिच्याखालचा थर मिळून ६० येतो, पायऱ्यांवर ग्रॅनाइट आणि थर मिळून ४०. हिशेब करा. पहिली पायरी १३० ची होते, शेवटची १७० ची. मधल्या सगळ्या १५०. पायाला तीन-चार पायऱ्यांत उंचीची सवय लागते, मग तो बघत नाही. रात्री लाइट गेलेली, आजी वर येतायत, आणि शेवटची पायरी दोन सेंटिमीटर उंच निघते. रेंडरमध्ये हे दिसत नाही, आणि सिमेंट वाळल्यावर दुरुस्त होत नाही. जिना तयार फरशी ते तयार फरशी असाच काढा, आणि ग्रॅनाइटचा थर त्यातून वजा करून कच्च्या पायरीचं माप साइटवर द्या.

शेवटी एक उपयोगाची गोष्ट. स्लॅबचा ग्रुप निवडा आणि एन्टिटी इन्फोमध्ये बघा. तिथे व्हॉल्यूम दिसला तर तो ग्रुप सगळीकडून बंद आहे. १० मीटर बाय ८ मीटरचा १५० जाड स्लॅब १२ घनमीटर दाखवला पाहिजे. आकडाच येत नसेल तर कुठेतरी फट आहे, किंवा आत एखादा जास्तीचा फेस राहिलाय. सॉलिड इन्स्पेक्टर नावाचं एक्स्टेन्शन ती जागा लाल करून दाखवतं. आणि बाल्कनीचा स्लॅब खोलीच्या स्लॅबमध्ये घुसलेला असेल तर दोन्ही बंद असूनही बेरीज जास्त येते, काँक्रीट दोनदा मोजलं जातं. कर्जाच्या हप्त्यांवर घर बांधणाऱ्या माणसाला तो आकडा सांगण्याआधी हे एकदा उघडून बघा.

पुढच्या भागात टॉयलेटचा सन्क घेऊ. तोवर तुमच्या फाइलमधला जिना मोजून ठेवा. भेटू!