स्वभाव, भावना आणि मुलांचे मनःस्वास्थ्य



निकालाच्या दिवशी एकाच बाकावरील दोन मुलांना सारखेच कमी गुण मिळतात. एक घटकाभर खट्टू होतो आणि मधल्या सुट्टीत खेळायला धावतो. दुसरा घरी जाऊन जेवत नाही, कोणाशी बोलत नाही. गुण तेच, मग मनावरचा परिणाम निराळा का?

याचे एक उत्तर व्यक्तिमत्त्वात आहे. मानसशास्त्रातील एक बहुमान्य मांडणी त्याची पाच अंगे सांगते: नव्या अनुभवांविषयीचा खुलेपणा, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, सौजन्य आणि भावनिक अस्थिरता. ज्यांच्यात अस्थिरता अधिक, त्यांना चिंता लवकर ग्रासते, असे अभ्यासांतून वारंवार दिसले आहे. मात्र हा कल आहे, ललाटलेख नव्हे. अबोल मूल दुःखीच असते असेही नाही.

दुसरे उत्तर भावनिक बुद्धिमत्तेत आहे. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर यांनी १९९० मध्ये ही संकल्पना मांडली आणि १९९५ मधील डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकामुळे ती सर्वसामान्यांपर्यंत पोहोचली. भावना ओळखणे, तिचे कारण समजणे, तिला योग्य वळण देणे ही कौशल्ये आहेत. स्वभाव सहसा हळूहळूच बदलतो. ही कौशल्ये मात्र शिकता येतात. त्यांची पहिली पायरी म्हणजे भावनेला नेमके नाव देणे.

येथे मातृभाषा उपयोगी पडते. हिरमुसणे, ओशाळणे, रुसणे, धास्तावणे या चार निरनिराळ्या अवस्था आहेत आणि प्रत्येकीवरचा उपाय वेगळा आहे. न जेवलेला तो मुलगा मित्रांपुढे ओशाळला असेल, तर त्याला आधार हवा. वडिलांच्या रागाने धास्तावला असेल, तर अभय हवे. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मुलांच्या कानी रस्त्यावर, बाजारात दुसरी भाषा असते. हे शब्द त्यांना मिळतात ते घरात आणि शाळेत. घरात ते उच्चारलेच गेले नाहीत, तर मूल नुसते ‘काही नाही’ म्हणून दार लावून घेते.

म्हणून प्रगतिपुस्तक हाती आल्यावर पालकांनी गुणांआधी मुलाचा चेहरा वाचावा. उत्तर लगेच मिळाले नाही, तरी शेजारी बसून राहावे. मौन दिवसेंदिवस लांबले, जेवणझोप बिघडली, तर समुपदेशकांकडे जाण्यात कमीपणा मानू नये. शासनाची ‘टेली-मानस’ ही सेवाही १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

पुढच्या परीक्षेत गुण वाढवता येतील. त्यासाठी आज त्या मुलाने दार उघडून जेवायला येणे अधिक महत्त्वाचे आहे.