भट्टी आणि बैठक
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून एका उपाहारगृहाविषयी बोलणे काहींना गौण वाटेल. परंतु परप्रांतात मूळ धरणे म्हणजे काय, हे आपल्या बंगळूरच्या सेंट मार्क्स रोडवरील ‘कोशीज’कडे पाहून आम्हांस जितके उमगले, तितके एखाद्या ग्रंथातूनही उमगले नाही.

पी. ओ. कोशी यांनी बँकेतील नोकरी सोडून १९४० मध्ये बेकरी काढली. निवृत्तिवेतनाच्या भरवशावर आयुष्याची मांडणी करणाऱ्या आम्हां सरकारी माणसांना या धाडसाचे मोल विशेष कळते. त्या काळी बंगळूर म्हणजे वस्तुतः दोन शहरे होती: एक पेठेचे आणि दुसरे १८०९ मध्ये वसलेल्या लष्करी छावणीचे. पाव हा मुख्यतः छावणीचा आहार. पुढे देश स्वतंत्र झाला, गोऱ्या पलटणी गेल्या, साउथ परेडचा महात्मा गांधी रस्ता झाला आणि १९४९ मध्ये पेठ व छावणी एका महापालिकेखाली आली. गिऱ्हाईक बदलले. १९५० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत बेकरीला उपाहारगृहाची जोड मिळाली. ‘परेड कॅफे’ या नावात जुन्या छावणीची खूण तेवढी राहिली.

दुकान आणि बैठक यांत मोठे अंतर आहे. पाव घेणारा दोन मिनिटांत पाठ फिरवतो. टेबलाशी बसणारा शेजाऱ्याशी बोलू लागतो. पत्रकार, वकील, चित्रकार, नाट्यकर्मी एका कॉफीवर येथे तासन्‌तास बसत आले, आणि ‘उठा’ असे त्यांना कोणी म्हटले नाही, यातच या स्थळाची कीर्ती आहे.

रविवारी न्याहारी आणि भोजन यांच्या मधल्या वेळी येथे आप्पम आणि स्ट्यू खाण्यासाठी कुटुंबेच्या कुटुंबे येतात. मूळचा केरळीय पदार्थ त्यांनी इंग्रजी पद्धतीच्या खाण्याशेजारी निःसंकोच मांडला. आप्पमाचे पीठ पूर्वापार ताडी-माडीने आंबवीत. गोव्याचे पोदेरही पावासाठी माडीच वापरीत, आणि ‘पाव’ हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच आपल्याकडे आला. आमच्या कोकणातील आंबोळी याच किनाऱ्याची लेक. आंबवण घरचे असावे, पंगत मात्र सर्वांची असावी, हे या ताटातून शिकावे.

आता मंडळाकडे वळू. पन्नास वर्षे आपण भट्टी विझू दिली नाही. गणेशोत्सव, नाटके, हळदीकुंकू, ग्रंथालय सारे चालू आहे. परंतु खरे सांगावयाचे तर आपले बहुतेक सभासद पाव घेणाऱ्या गिऱ्हाइकासारखे येतात आणि प्रसाद घेऊन परततात. तिसरी पिढी मराठी समजते, बोलताना अडखळते, वाचीत तर नाहीच. तिला भाषणांनी मराठी येणार नाही. निवांत बसावयास जागा आणि बोलावयास माणूस मिळाला, तरच येईल.

म्हणून आमची एक साधी सूचना आहे. महिन्यातून एका रविवारी सकाळी मंडळाचे सभागृह केवळ बसण्यासाठी उघडावे. पोहे, थालीपीठ, चहा असावा, कार्यक्रमपत्रिका नसावी. आजोबांच्या शेजारी नातवाने बसावे. कन्नड शेजाऱ्यांनाही अगत्याचे आमंत्रण असावे, कारण ज्यांच्या गावात आपण पन्नास वर्षे राहिलो, त्यांना आपल्या घरची चव ठाऊक नसणे बरे नव्हे.

हीरकमहोत्सवाचे अध्यक्षीय भाषण मराठीत ऐकावयास सभागृह भरलेले असावे, एवढी इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.