शाळेचे ऋण आणि मृत्युपत्र

(बडनेरा धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगी माजी विद्यार्थ्यांच्या सभेत झालेले भाषण)



उत्सवाच्या दिवशी देणगीचा विषय काढणे म्हणजे लग्नमंडपात उसनवारीचा तगादा लावणे होय, हे मी जाणून आहे. परंतु ज्या ऋणाविषयी मला बोलावयाचे आहे त्याचे धनको केव्हाच मातीस मिळाले. तगादा करावयास कोणी उरलेले नाही. म्हणून आठवण आपली आपणच करून घेतली पाहिजे.

1867 साली भुसावळापासून नागपुरापर्यंतचा लोहमार्ग पुरा झाला आणि बडनेरे हे वऱ्हाडच्या कापूसमुलखाचे एक प्रवेशद्वार बनले. 1887 साली नागपूर धर्मप्रांताची स्थापना झाली व ते कार्य संत फ्रान्सिस द सेल्स ह्यांच्या संघाच्या मिशनरींनी सांभाळले. त्या संताच्या नावाची नागपूरची शाळा तर 1870 सालची, म्हणजे धर्मप्रांताहूनही वडील! आपला अमरावती धर्मप्रांत 1955 साली वेगळा झाला, तो ह्याच मुळाची फांदी. हे मिशनरी सधन घरचे वारस म्हणून येथे आले नव्हते. मग मिशनांना पैसा कोठून येई, ह्याचा विचार आपण कधी केला आहे काय?

त्याचा एक मोठा झरा फ्रान्स देशातील लियों शहरी होता. तेथील एका रेशीम व्यापाऱ्याची कन्या पोलीन जारिको हिने रेशमाच्या कारखान्यांत राबणाऱ्या गरीब मुलींना हाताशी धरून एक साधी योजना आखली. प्रत्येकीने आठवड्याला एक सू, म्हणजे त्यांच्याकडील अगदी क्षुद्र नाणे, द्यावे. दहा जणींचे एकीने गोळा करावे. अशा दहा गटांचे मिळून शंभरांवर एकीने लक्ष ठेवावे. ह्याच योजनेतून 1822 साली श्रद्धाप्रसाराची संस्था उभी राहिली आणि तिचा पैसा जगभरच्या मिशनांना जाऊ लागला. हिंदुस्थानातील मिशनेही त्यांत होती. ह्या पोलीनला 2022 साली लियों येथेच धन्यवादितपद देण्यात आले. कापसावर जगणाऱ्या गावाने रेशमावर राबणाऱ्या त्या मुलींची ओळख ठेवावी, असे मला फार वाटते. त्यांनी वऱ्हाड पाहिला नव्हता, आणि आपल्या पणज्याला अक्षरओळख झाली की नाही हे त्यांना कधी कळले नसेल.

त्यांच्या देण्याचे सामर्थ्य रकमेत नव्हते, नियमात होते. आपले देणे मात्र बहुधा उमाळ्याचे असते. छप्पर गळू लागले की वर्गणी, घंटा फुटली की वर्गणी. उमाळा ओसरला की पेटी रिकामी. प्रभू येशूने बुरूज बांधणाऱ्याचा दृष्टांत दिला आहे; त्याने आधी बसून खर्चाचा अदमास घ्यावा, हे आपण प्रवचनात ऐकतो आणि घरी जाऊन विसरतो.

“शाळा फी घेते, तिला आमची काय गरज?” असा प्रश्न विचारला जातो, आणि तो गैर नाही. पण फी ज्याला देता येते त्याचीच येते. वऱ्हाडात पावसाने दगा दिला किंवा बोंडअळीने कापूस नासला, की शेतकऱ्याच्या घरी कोणता खर्च प्रथम तोडला जातो हे आपण जाणता. अशा मुलाला वर्गात बसवून ठेवावयाचे तर एक कायम निधी हवा, ज्याचे मुद्दल शाबूत राहील आणि केवळ व्याज खर्ची पडेल. एक लाख रुपयांवर शेकडा सहा दराने वर्षाला सहा हजार मिळतात. त्यांतलेही थोडे दरसाल मुद्दलात घालावे लागते, नाहीतर महागाई मुद्दलाला आतून पोखरते. हा निधी वर्गणीने भरणे कठीण. तो भरतो मृत्युपत्राने. आपल्याच विदर्भात, कामठीच्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण ह्यांनी आपल्या मिळकतीचा मोठा भाग मृत्युपत्राने नागपूर विद्यापीठाला ठेवला आणि त्यातून 1942 साली रसायन व तंत्रविद्येची प्रसिद्ध संस्था सुरू झाली.

आपण ख्रिस्ती लोकांनी असे का केले नाही? आळस हे एक कारण खरेच. पण दुसरे कारण कायद्याचे होते, आणि ते आपल्यातील पुष्कळांना ठाऊकच नाही. 1865 च्या वारसा कायद्यात एक कलम होते; तेच 1925 च्या कायद्यात 118 वे कलम म्हणून आले. ज्याला पुतण्या, भाचा अथवा त्याहून जवळचा आप्त आहे, त्याने धर्मादायास काही ठेवावयाचे तर मृत्युपत्र मरणापूर्वी निदान बारा महिने केलेले असावे, आणि केल्यापासून सहा महिन्यांच्या आत सरकारी अभिरक्षेत ठेवलेले असावे. नाहीतर ते दान रद्द! हिंदूंना व मुसलमानांना ही अट नव्हती. पारशी समाजही 1991 साली तीतून सुटला. उरलो आपण. म्हणजे एखाद्या ख्रिस्ती गृहस्थाने शुद्धीत, स्वखुशीने शाळेला घर लिहून ठेवले आणि दहाव्या महिन्यात देवाने त्याला नेले, तर त्याची इच्छा फुकट जाई. केरळातील फादर जॉन वल्लामट्टम ह्यांनी ह्याविरुद्ध दाद मागितली आणि 21 जुलै 2003 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम समानतेच्या हक्काला बाधक म्हणून रद्द ठरविले.

त्या जुन्या कलमामागची चिंता मात्र मी सर्वस्वी टाकाऊ मानीत नाही. मरणाच्या भयाने, उशाशी बसलेल्या कोणाच्या भिडेने माणसाने लेकरांना उघडे टाकू नये, ही ती चिंता. कायद्याने तो पहारा उठविला. आता तो आपल्या विवेकाने करावयाचा आहे. मृत्युपत्र धडधाकट असताना करावे, बायकोमुलांना सांगून करावे, आणि आधी त्यांची तरतूद करून मग शाळेचा वाटा ठरवावा. विधवेच्या दोन दमड्यांचे प्रभूने कौतुक केले. परंतु दुसऱ्याच्या ताटातली भाकरी उचलून दान करण्यास त्याने सांगितले नाही. आईबापांच्या पोषणाचा पैसा देवाला वाहिला म्हणून हात झटकणाऱ्यांना त्याने किती कडक शब्दांत फटकारले, हे शुभवर्तमानात वाचावे.

आता थोडे व्यवहाराचे. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, केलेली बरी. आपल्या सहीला दोन साक्षीदार हवेत, आणि ज्याला मृत्युपत्रातून काही मिळावयाचे आहे त्याने किंवा त्याच्या पतीपत्नीने साक्ष घालू नये, नाहीतर त्याचा वाटा बुडतो. बँकेच्या कागदावर नामनिर्देशन केले म्हणजे झाले, ही समजूत घातक आहे. तसा नेमलेला मनुष्य पैसा हाती घेणारा असतो, मालकी वारसांची अथवा मृत्युपत्राप्रमाणे. कोणाला घरच द्यावयाचे असेल तर हयातीपर्यंत राहण्याचा हक्क राखून नोंदणीकृत बक्षीसपत्र करता येते. पण त्याला विचार दुप्पट हवा, कारण बक्षीसपत्र सहजासहजी फिरविता येत नाही. मृत्युपत्र शेवटच्या शुद्धीपर्यंत बदलता येते.

संस्थाचालकांनाही एक विनंती करतो, रागावू नये. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यान्वये धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब जातो, ते ठीकच. पण ह्या निधीचा जमाखर्च दर वर्षी माजी विद्यार्थ्यांपुढेही वाचावा. किती मुलांची फी भरली तेवढे सांगावे. मुलांची नावे मात्र सांगू नयेत. ज्याच्यावर उपकार झाला त्याला तो आयुष्यभर कपाळावर मिरवावा लागू नये.

शेवटची गोष्ट लहान दिसते, पण तिच्यापायी दावे होतात. मृत्युपत्रात “आमच्या शाळेस” असे मोघम लिहू नका. मिळकत धारण करते ती शाळा चालविणारी नोंदणीकृत संस्था. तिचे पूर्ण नाव व नोंदणी क्रमांक लिहा, आणि पुढे “ह्याच शाळेतील गरजू विद्यार्थ्यांसाठी” असे स्पष्ट घाला. ते नाव व क्रमांक सभेनंतर कार्यालयातून उतरून घ्यावा.