पावसाळा, मनःस्थिती आणि औषधाची पाळी
(रुग्ण-कुटुंबीय मेळाव्यात रुग्णालय प्रशासनाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



ऋतुपालटाचा मनावर होणारा परिणाम या विषयावर खरे तर आमच्या मानसोपचारतज्ज्ञांनी बोलावयास हवे. आम्ही प्रशासनातील माणसे. आमचे शिक्षण हिशेबाचे. परंतु बाह्यरुग्ण विभागाची नोंदवही आणि औषधभांडाराची वही शेजारी शेजारी ठेवली की वर्षाचा एक आकार दिसू लागतो, आणि तो आपणांसमोर मांडावा असे वैद्यकीय सहकाऱ्यांनीच सुचविले.

मृग नक्षत्र लागले की मनोविकार विभागातील फेरतपासणीची गर्दी ओसरते. आषाढात बाके रिकामी दिसतात. गौरी-गणपती आटोपले की तीच माणसे परत येतात. पुष्कळदा औषध सुटलेल्या अवस्थेत, क्वचित अपरात्री, शेजाऱ्यांनी गाडी करून आणलेली. मधल्या अडीच-तीन महिन्यांत घरात काय घडते, हा आजच्या बोलण्याचा विषय आहे.

ऋतूनुसार येणाऱ्या उदासीनतेचे सविस्तर वैद्यकीय वर्णन १९८४ साली अमेरिकेत डॉ. नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. ते प्रामुख्याने हिवाळ्याचे होते. लंडनसारख्या शहरात डिसेंबरातील दिवस आठ तासांहूनही लहान असतो. तेथे सकाळी प्रखर दिव्यासमोर अर्धा तास बसविण्याचा उपचार रूढ झाला. आपल्याकडे वर्षातील सर्वांत लहान दिवसही जवळपास अकरा तासांचा असतो, तेव्हा हिवाळ्याने आपले फारसे बिघडत नाही. आपला अंधार येतो तो वर्षातील मोठ्या दिवसांत. पंचांगात दिवस तेरा तासांचा असतो, आणि कोकणातल्या घरात मात्र पडवीला झाप किंवा प्लॅस्टिकचे कापड बांधलेले, खिडक्या लावलेल्या, वीज गेलेली. अशा माजघरात दिवसभर बसलेल्या माणसाच्या मेंदूस सकाळ झाल्याचा निरोप पोहोचणार तरी कसा? आमचे डॉक्टर म्हणूनच सांगतात, की पहिल्या उघडिपीस रुग्णाला अंगणात, निदान उघड्या ओट्यावर आणून बसवावे. आभाळ भरलेले असले तरी बाहेरचा उजेड घरातील दिव्याच्या कितीतरी पट असतो.

मात्र सर्व दोष ढगांवर टाकणे आम्हांस पटत नाही. १ जूनपासून किमान दोन महिने यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, मिळकत थांबते, आणि कर्ता पुरुष घरात रिकामा बसतो. शेतकरी कुटुंबात लावणीपर्यंत उसंत नसते व लावणी संपताच हातांना एकाएकी काम उरत नाही. एस.टी. कधी येते, कधी येत नाही. त्यातच शाळेचा खर्च. अशा वेळी आलेला उदासपणा खिशाचा किती आणि ऋतूचा किती, याची वजाबाकी कोणी करू नये.

कुटुंबीयांनी लक्ष ठेवावे ते वेगळ्याच गोष्टीवर. पावसाचा कंटाळा सर्वांनाच येतो; तो गप्पांनी, गरम चहाने, कोणी पाहुणा आल्याने तेवढ्यापुरता तरी जातो. परंतु दोन आठवडे सतत मन खिन्न आहे, झोप व भूक बिघडली आहे, आवडीच्या गोष्टीतही रस नाही, आंघोळीलाही उठवावे लागते, अशी स्थिती असेल तर त्यास ‘आळस चढलाय’ असे म्हणून सोडून देऊ नये. जगण्यात अर्थ नाही अशी भाषा ऐकू आली तर दोन आठवडेही थांबू नये.

आपल्या पूर्वजांनी या काळाकडे दुर्लक्ष केले नव्हते. वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त सरत्या ऋतूचा अखेरचा आणि येणाऱ्या ऋतूचा पहिला आठवडा यांस ऋतुसंधी म्हटले असून, या काळात जुना आहारविहार हळूहळू सोडून नवा हळूहळू धरावा असे सांगितले आहे. त्यातील ‘हळूहळू’ हा भाग आम्हांस मोलाचा वाटतो. उठण्याची, जेवणाची आणि निजण्याची वेळ पावसाळ्यातही फार सरकू न देणे, एवढे एक पथ्य घराने पाळले तरी रुग्णाचा तोल सांभाळला जातो.

याच कारणासाठी गणेशोत्सवाबद्दल थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. मुंबईहून चाकरमानी येतात, घर भरते, आरत्या-भजने मध्यरात्र उलटेपर्यंत चालतात. दोन महिने कोपऱ्यात बसलेला मुलगा अचानक बोलू लागतो, ढोलकी घेतो, तीन रात्री झोपत नाही, उधारीवर खरेदी करतो. घरचे म्हणतात, बाप्पा पावला. ज्यास डॉक्टर बायपोलर म्हणतात त्या विकारात जागरण हेच तेजीचे निमित्त ठरू शकते. उत्सवातून त्याला वगळावे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. दिवसाची आरती त्याने खुशाल म्हणावी, पण रात्री वेळेवर निजावे, आणि त्यासाठी घरातील वडीलधाऱ्यांनी भजनी मंडळींना दोन शब्द सांगावेत. विसर्जनानंतर गाड्या परत जातात आणि घरात पुन्हा दोघे म्हातारे व एक रुग्ण उरतो. तो आठवडा आम्हांस वर्षातील सर्वांत नाजूक वाटतो. मुंबईच्या भावाबहिणींनी त्या आठवड्यात रोज एक दूरध्वनी केला तर बरे.

औषधांसंबंधी एक सूचना. ज्यांना लिथियम सुरू आहे त्यांनी श्रावणातील निर्जळी उपवास किंवा मीठ सोडण्याचे व्रत डॉक्टरांना विचारल्यावाचून करू नये. शरीरातील पाणी अथवा मीठ घटले की रक्तातील या औषधाचे प्रमाण वाढते. पावसाळ्यातील जुलाब-उलट्या, तसेच वैशाखातील घाम यांनीही तेच होते. हाताला जोराचा कंप, तोल जाणे, बोलणे जड होणे ही लक्षणे दिसताच रुग्णास तातडीने रुग्णालयात आणावे.

रुग्णालयाने आपल्यापरीने यंदा मे महिन्याच्या उत्तरार्धात पावसाळापूर्व फेरतपासणी ठेवली आहे. ज्यांची प्रकृती स्थिर आहे त्यांना डॉक्टरांच्या निर्णयानुसार अधिक दिवसांची औषधे एकदम देण्यात येतील, आणि समाजसेविका आषाढापासून घरोघरी दूरध्वनी करतील. आमच्यापर्यंत पोहोचणे शक्य नसेल तेव्हा शासनाने २०२२ साली सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही विनाशुल्क बोलता येते. मराठीतही बोलता येते.

देणगीदारांस एक विनंती. मोठ्या यंत्रासाठी देणगी मिळणे त्या मानाने सोपे असते, कारण त्यावर नाव कोरता येते. नदीपलीकडच्या वाडीतून येणाऱ्या रुग्णाचे गाडीभाडे आणि सोबत आलेल्या आईची बुडालेली मजुरी यांवर नाव कोरण्याची सोय नाही. फेरतपासणी चुकते ती बहुतेक वेळा या दोन रकमांपायी. त्यासाठी प्रवास-साहाय्य निधीचे स्वतंत्र खाते काढण्यात आले असून, त्याचा हिशेब पुढील अहवालात खर्चाच्या तपशिलासह छापला जाईल.

कुटुंबीयांनी आज जाण्यापूर्वी नोंदणी खिडकीवरील कार्डावर दोन दूरध्वनी क्रमांक अवश्य लिहावेत : एक घरचा, आणि दुसरा अशा शेजाऱ्याचा, ज्याच्याकडे वीज गेली तरी फोन लागतो.