शिरस्त्राणाची निवड

(लांजा येथे रस्ता सुरक्षा अभियानानिमित्त शिक्षक, ग्रामपंचायत अधिकारी व पंचायत सदस्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



या सभागृहाबाहेर उभ्या असलेल्या दुचाकींकडे नजर टाकली, तर आजच्या विषयाची निम्मी मांडणी तेथेच झालेली दिसेल. कुणाचे शिरस्त्राण आरशाला अडकविलेले आहे, कुणाचे टाकीवर पालथे पडले आहे, तर कुणाचा पट्टा तुटल्यामुळे त्याला गाठ मारलेली आहे. शिरस्त्राण वापरावे, हे आपणांस पुष्कळदा सांगण्यात आले आहे. ते निवडावे कसे, हे मात्र आम्ही माहिती खात्यातील मंडळी क्वचितच सांगतो. म्हणून आज केवळ तेवढ्याच विषयावर बोलण्याचे मी योजिले आहे.

आपल्या तालुक्यातील वाड्यावस्त्या विखुरलेल्या आहेत. भांबेड, प्रभानवल्ली, साटवली या बाजूंच्या शाळा व कार्यालये गाठावयाची, तर अनेकांना दुचाकीवाचून गत्यंतर नाही. पावसाळ्यात वळणावर शेवाळ आणि लाल चिखल, महामार्गाला लागावे तर अवजड मालमोटारी. डोक्यास गंभीर दुखापत झालीच, तर रुग्णाला पुढील उपचारांसाठी घाट चढून कोल्हापूरला नेण्याचे प्रसंग येतात. त्या प्रवासात जाणारा वेळ कोणत्याही औषधाने भरून निघत नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात शिरस्त्राण न घातलेले ५०,०२९ जण मृत्युमुखी पडले. त्यांपैकी १४,३३७ जण गाडी चालवीत नव्हते, ते मागे बसलेले होते. या दुसऱ्या आकड्याचा विचार आपल्या घरोघरी व्हावयास हवा. पुढे बसणाऱ्याच्या डोक्यावर शिरस्त्राण, मागे पत्नी आणि मध्ये मूल उघड्या डोक्याने, हे दृश्य आपल्या अंगवळणी पडले आहे.

या साधनाचा इतिहास फार जुना नाही. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स १९३५ साली मोटारसायकलच्या अपघातात डोक्यास मार लागून निवर्तले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. त्यांनी पुढे मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास करून १९४१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आपल्या दुचाकीस्वारांना शिरस्त्राण सक्तीचे केले. आज आपण पाहतो ती रचना त्यानंतरची. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक लोम्बार्ड यांनी १९५३ मध्ये आघात शोषून घेणाऱ्या थराची कल्पना पुढे आणली.

हा थर म्हणजेच शिरस्त्राणाचा प्राण होय. बाहेरचे कवच टणक असते, पण खरे काम आतील थर्मोकोलसारख्या घट्ट पांढऱ्या थराचे. उभ्या माणसाचे डोके नुसते जमिनीवर आदळले, तरी आदळताना त्याचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास असतो. उघडे डोके क्षणार्धात थांबते आणि कवटीच्या आत मेंदू आदळतो. शिरस्त्राण असेल, तर तो थर चिरडत जातो, डोके थांबण्यास थोडे अधिक अंतर मिळते आणि धक्का सौम्य होतो. एकदा चिरडलेला थर पुन्हा फुगत नाही. बाहेरून चकचकीत दिसणारे जुने शिरस्त्राण विकत घेऊ नये ते याचसाठी. आत काय घडून गेले आहे, हे विकणाराही सांगू शकणार नाही.

आता खरेदीकडे वळू. १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्हाविना दुचाकीचे शिरस्त्राण बनविणे व विकणे बेकायदेशीर आहे. परंतु केवळ चिन्ह पाहून समाधान मानू नये. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो. दुचाकीसाठी तो ४१५१ आहे. २९२५ हा क्रमांक कारखान्यात व बांधकामावर घालावयाच्या टोपीचा. तीही आयएसआय चिन्हाची असते, पण रस्त्यावर तिचा उपयोग नाही. चिन्हाखालचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या भ्रमणध्वनी ॲपवर पडताळून पाहता येतो. रस्त्याच्या कडेला मांडलेल्या ढिगातून स्वस्तात घेण्यापूर्वी ही दोन मिनिटे अवश्य खर्चावीत.

त्यानंतर माप. शिंप्याकडील टेप घेऊन भुवयांच्या वर सुमारे एक इंच कपाळावरून व मागच्या उंचवट्यावरून फिरवावी. अठ्ठावन्न सेंटिमीटर भरले, तर ५८० क्रमांकाचे शिरस्त्राण प्रथम घालून पाहावे. आपल्याकडे उकाड्याच्या भीतीने, आत वारा खेळावा म्हणून, एक माप मोठे घेण्याची प्रथा पडली आहे. ती घातक आहे. ढिले शिरस्त्राण धक्क्यासरशी निघून जाते आणि एरवीही डोळ्यांवर घसरून त्रास देते. वाऱ्यासाठी हवेची छिद्रे असलेले निवडावे, माप मात्र वाढवू नये. नवे शिरस्त्राण गालांना किंचित दाबणारेच असावे. वापराने गालांकडील गादी सैल होते. मात्र कपाळावर एका जागी बोचत असेल, तर आकार आपल्या डोक्याचा नव्हे. दुकानातच दहा-पंधरा मिनिटे घालून बसावे. काढल्यावर कपाळावर लाल वळ दिसला, तर दुसरे मागावे. दुकानदाराने कपाळाला आठ्या घातल्या, तरी चालेल!

पट्टा बांधून, मागून पुढे ओढून पाहावे. निघून आले, तर ते आपले नव्हे. पट्टा आणि हनुवटी यांमध्ये दोन बोटे जावीत, अधिक नव्हे. येथे अधिकारीवर्गाच्या ध्यानात आणून द्यावेसे वाटते, की मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १२९ मध्ये शिरस्त्राणाची जी व्याख्या आहे, तीत ते पट्ट्याने डोक्यावर पक्के बांधलेले असणे हाही भाग आहे. पट्टा न बांधता नाक्यापुरते डोक्यावर ठेवलेले शिरस्त्राण कायद्याच्या दृष्टीनेही शिरस्त्राण ठरत नाही.

भगिनींनी केस नेहमी बांधतात तसेच बांधून माप पाहावे. उंच अंबाड्यावर शिरस्त्राण तिरके बसते, मानेलगतची वेणी चालते. हनुवटी झाकणारे पूर्ण शिरस्त्राण सर्वांत सुरक्षित, हे माझे स्पष्ट मत आहे, कारण जबड्यावर मार बसण्याचे प्रसंग थोडे नाहीत. समोरची काच पांढरी घ्यावी. काळी काच दिवसा सुखकर वाटली, तरी पावसातील सायंकाळी खड्डा दिसू देत नाही. चरे पडलेली काच तत्काळ बदलावी. समोरून येणाऱ्या दिव्याचा प्रकाश त्या चऱ्यांत फाकतो आणि क्षणभर काहीच दिसत नाही.

मुलांसंबंधी थोडे. २०१९ च्या सुधारणेनुसार चार वर्षांवरील प्रत्येकास शिरस्त्राण आवश्यक आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या बालकांसाठीही शिरस्त्राण व चालकाशी बांधून ठेवणारा पट्टा २०२३ पासून बंधनकारक झाला असून, अशा वेळी गाडीचा वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या आत असावा लागतो. मोठ्यांचे शिरस्त्राण आत फडके कोंबून मुलांना घालू नये. त्यांना त्यांच्या मापाचेच घ्यावे. शाळेत शिक्षकांनी टेप घेऊन मुलांची मापे काढून दिली, तर एका तासात सारा वर्ग होईल, आणि पालकांना चिठ्ठीवर नेमका आकडा मिळेल.

आपल्याकडील दमट हवेत आतील कापडास बुरशी व वास लागतो आणि मग शिरस्त्राण आरशावर जाते. कापड काढता येणारे असेल, तर ते पंधरा दिवसांनी साबणाने धुऊन सावलीत वाळवावे. पेट्रोल, रॉकेल वा थिनर लावू नये. त्याने काच तडकते व आतील थर विरघळतो. आणि ज्या दिवशी ते डोक्यासह रस्त्यावर आदळेल, त्या दिवशी त्याची सेवा संपली असे समजावे. टाकताना पट्टा कात्रीने कापून टाकावा, म्हणजे भंगारातून ते पुन्हा कुणाच्या डोक्यावर येणार नाही.