वसतिगृहातून काढलेला विद्यार्थी



सातारा-सांगलीच्या परिसरात कर्मवीर भाऊराव पाटील हे नाव आदराने घेतले जाते. रयत शिक्षण संस्थेशी ज्याचा काहीच संबंध आला नाही, असे घर या भागात शोधावेच लागेल. परंतु याच भाऊरावांना विद्यार्थिदशेत समाजाच्याच वसतिगृहातून बाहेर पडावे लागले होते, ही गोष्ट जयंतीच्या भाषणांत ओझरतीच येते.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. घराणे वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले. त्या काळी अस्पृश्य मुलांसाठी तेथे मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. भाऊराव त्या समारंभास जाऊन आले. भोजनगृहात येण्यापूर्वी स्नान करावे, असे त्यांस सांगण्यात आले. त्यांनी साफ नकार दिला आणि त्यांचे वास्तव्य संपले. पुढे राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना आपल्या छायेखाली घेतले.

अपराध केवढा? एक स्नान न करण्याचा!

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. बोर्डिंगचा कारभार पाहणारे अण्णासाहेब लठ्ठे हे काही कर्मठ गृहस्थ नव्हते. शाहू महाराजांचे चरित्रकार, पुढे १९३७ साली मुंबई प्रांताचे अर्थमंत्री, असा त्यांचा लौकिक. अशा सुधारकाच्या देखरेखीतही वेगळ्या वागणुकीस जागा मिळाली नाही. वेगळ्या माणसाला दूर सारणारे बहुधा दुष्ट नसतात. ते नियम पाळणारे सज्जन असतात, आणि म्हणूनच त्यांच्याशी वाद घालणे कठीण जाते.

१९१४ साली कोल्हापुरात पुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण घडले. लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी, म्हणून भाऊरावांवर दडपण आले. त्यांनी कोठडी पत्करली, छळ सोसला, जीव देण्याचाही प्रयत्न केला. परंतु साक्ष दिली नाही. बोर्डिंगमधून काढल्याचा राग मनात धरला असता, तर सूड उगविण्यास याहून सोयीची वेळ कोणती होती?

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह आले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र स्वयंपाक करीत, एका पंक्तीस जेवीत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. पद्मभूषण मिळाले १९५९ साली, आणि त्याच वर्षी ९ मे रोजी ते निवर्तले. गौरव मिळेपर्यंत आयुष्य सरत आले होते.

वसतिगृहे चालविणाऱ्या संस्थांनी हे प्रकरण जरूर अभ्यासावे. आजही एखादा विद्यार्थी रीत मोडतो, जातीबाहेर विवाह करतो, न विचारावा तो प्रश्न विचारतो. त्याला आज कोणी स्नान करावयास सांगत नाही. त्याचे नाव आमंत्रणपत्रिकांतून गळते, एवढेच.

लक्ष्मीबाईंचा उल्लेख मात्र फार त्रोटक होतो. सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेल्या या बाईंनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना पोटच्या मुलांप्रमाणे वाढले. अंगावरचे दागिने एकेक करून गेले. कोठीतले धान्य संपले तेव्हा मंगळसूत्रही मोडले गेले. १९३० साली त्या वारल्या. त्यांना पदवी मिळाली नाही. वसतिगृहातील मुलांच्या त्या ‘वहिनी’ होत्या.