आडवाटेचे आकर्षण



संगणकावरचे खेळ हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे आपणांपैकी काहींना वाटले असेल. मलाही पूर्वी तसेच वाटे. एकदा मी भाच्याला विचारले, "अरे, जग बुडवायला निघालेला ड्रॅगन डोक्यावर घिरट्या घालतो आहे, आणि तू फुलपाखरे कसली धरतोस?" तो शांतपणे म्हणाला, "मामा, ड्रॅगन थांबतो." या उत्तरात साऱ्या विषयाचे मर्म आहे.

तो खेळ होता 'स्कायरिम'. बेथेस्डा या अमेरिकन संस्थेने तो २०११ साली काढला. नायक देहदंडातून निसटतो आणि त्याच्यापुढे प्रचंड मुलूख मोकळा होतो. रिव्हरवुड नावाच्या खेड्यात एका दुकानदाराचा सोन्याचा पंजा चोरीस गेलेला असतो. तो शोधून द्यावा, अशी सक्ती कोणी करीत नाही. गंमत अशी की, त्या शोधात ज्या प्राचीन थडग्यात शिरावे लागते, तेथेच मुख्य कथेला पुढे लागणारी शिळाही असते!

अशा आडकामगिऱ्यांची गोडी बक्षिसात नाही. मुख्य कार्य आपल्यावर येऊन पडते. आडवाटेचे काम आपण आपखुशीने पत्करतो. दिवसभर दुसऱ्याच्या हुकमाने राबणाऱ्या माणसाला हे केवढे सुख वाटत असेल!

परंतु ज्या वळणाची किंमत द्यावी लागत नाही, त्याला स्वातंत्र्य म्हणावे की नुसती सुट्टी? १९९७ सालचा 'फॉलआउट' पाहा. अणुयुद्धानंतर भूमिगत वसाहतीत राहणाऱ्यांच्या जलशुद्धीकरण यंत्रणेचा एक भाग बिघडतो. नवा भाग १५० दिवसांत आणायचा असतो. मुलूख येथेही मोकळाच; पण भटकण्यात दिवस खर्ची पडतात. मुदत टळली, तर घरची माणसे पाण्यावाचून मरतात. येथे वाटेतल्या परक्याला मदत करायची, तर आपल्या माणसांच्या वाट्याचा दिवस द्यावा लागतो.

मित्रहो, सुट्टीही माणसाला हवी; म्हणून मी आता भाच्याला रागावत नाही. फक्त एवढेच सांगतो, "बाबा रे, खेळातला ड्रॅगन थांबतो, घड्याळ थांबत नाही. हे जाणून आडवाटेला वळलास, तर ती वाट खरोखर तुझी."